विद्येची वाट आणि वाटखर्ची

मराठी माणसाने घर सोडले की त्याच्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात : तेथे आपल्याला आत घेतील काय, आणि घेतलेच तर तेथवर जाण्याचा व राहण्याचा खर्च कोण सोसणार? आजच्या डमडममधील एखाद्या मराठी घरात मुलगा किंवा मुलगी माहिती-प्रणाली अथवा संगणकशास्त्र या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेण्याचा विचार करू लागते, तेव्हा रात्रीच्या जेवणानंतर आईवडील याच दोन प्रश्नांचा खल करीत बसतात. अर्जांचे नमुने बदलले, विषयांची नावे बदलली, परंतु प्रश्न तेच राहिले आहेत. आपल्या मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने या दोन प्रश्नांचा थोडा इतिहास पाहावा, असे आम्हांस वाटले. कारण या इतिहासातील काही महत्त्वाची पाने हुगळीच्या काठी, आपल्या अगदी शेजारी लिहिली गेली आहेत.

बंगालशी आपला पहिला परिचय फारसा गोड नव्हता, हे मान्य केले पाहिजे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांच्या धास्तीने १७४२ साली कलकत्तेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. तो 'मराठा खंदक' कधी पुरा झाला नाही आणि पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला. 'बर्गी' हा शब्द मात्र बंगाली मातांच्या अंगाईत राहिला. ज्या शहराने आमच्या भीतीने खंदक खणला, त्याच शहराने दीडशे वर्षांच्या आत एका मराठी मुलीस विद्येसाठी समुद्रापार जाताना निरोप दिला, ही इतिहासाची एक सुंदर परतफेड होय.

ती मुलगी म्हणजे आनंदीबाई जोशी. १८६५ साली कल्याण येथे जन्मलेल्या आनंदीबाई पती गोपाळराव यांच्या टपालखात्यातील बदल्यांमुळे अलिबाग, कोल्हापूर, भूज असे करीत १८८१ साली कलकत्त्यास आल्या व नंतर श्रीरामपुरास राहिल्या. बदलीची नोकरी आणि परक्या भाषेतले बिऱ्हाड यांचे सुखदुःख आपल्यातील अनेकांना वेगळे सांगावयास नको. त्यांच्या प्रवेशाची खटपट मात्र त्याआधीच सुरू झाली होती. गोपाळरावांनी कोल्हापुराहून अमेरिकन मिशनऱ्यास लिहिलेले पत्र तेथील एका मासिकात छापून आले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी ते वाचले आणि त्यांचा आनंदीबाईंशी पत्रव्यवहार जडला. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ओळखपत्र, शिफारस आणि राहण्याची सोय ही तिन्ही कामे त्या पत्रव्यवहाराने केली.

पण पैसा? गोपाळरावांचा पगार बेताचाच. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या दिवाणखान्यात आनंदीबाईंनी जाहीर व्याख्यान देऊन आपण अमेरिकेस का जात आहोत हे इंग्रजीतून सांगितले. त्या वेळी त्यांना अठरावे वर्षही पुरे झाले नव्हते. अंगावरचे दागिने विकून त्यांनी प्रवासखर्चाची तजवीज केली. काही लोकवर्गणी जमली, तीत व्हाइसरॉय लॉर्ड रिपन यांचे २०० रुपये होते. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याच्या धक्क्यावरून 'सिटी ऑफ कलकत्ता' या बोटीने त्या निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. आधी जाणे आणि मग अर्ज करणे, असा तो क्रम होता. रोझेलहूनच त्यांनी फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयास प्रवेशासाठी लिहिले आणि महाविद्यालयाने त्यांना शिष्यवृत्ती देऊ केली. ११ मार्च १८८६ रोजी त्या पदवीधर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले, हे आपण सर्व जाणतोच.

या कहाणीतील एक गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. ज्या मिशनऱ्याला प्रथम पत्र गेले, त्याच्या दृष्टीने मदतीची किल्ली धर्मांतरात होती. ती अट आनंदीबाईंनी स्वीकारली नाही. त्यांनी दागिने विकले, लोकांपुढे उभे राहून मागणी केली, पण स्वत्व गहाण टाकले नाही. विद्येसाठी मिळणाऱ्या प्रत्येक पैशाबरोबर एक अट येते आणि ती नीट वाचून मगच सही करावयाची असते, हा धडा आमच्या मते येथेच पहिल्यांदा लिहिला गेला.

त्याच सुमारास पंडिता रमाबाईंनी दुसरी वाट दाखविली. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनीच त्यांना 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या होत्या. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या, तेव्हा प्रवासाचा पैसा मुख्यतः त्यांच्या 'स्त्रीधर्मनीति' या १८८२ च्या पुस्तकाच्या विक्रीतून उभा राहिला. आपल्या लेखणीच्या कमाईवर परदेशी विद्येस जाणारी मराठी स्त्री त्या काळी होती, हे आजच्या मुलींना अवश्य सांगितले पाहिजे.

दागिने आणि वर्गणी यांनी एका व्यक्तीचे काम होते, पिढीचे होत नाही. म्हणून विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर काही विचारवंतांनी कायमचे निधी उभारण्याचा मार्ग धरला. १८९२ साली जमशेटजी टाटांनी उच्च शिक्षणासाठी निधी स्थापन केला. त्याचे वैशिष्ट्य असे की, विद्यार्थ्यास दिलेले साहाय्य हे कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या स्वरूपाचे होते. कमावता झालेल्याने ते परत करावयाचे आणि त्यातून पुढच्यास मदत व्हावयाची. महाराष्ट्रात अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर फिरून माणशी वर्षाला एक पैसा मागितला. त्या पैसाफंडातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना उभा राहिला. तेथे काम शिकविण्यास अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय होते. इकडे कलकत्त्यात १९०४ साली योगेंद्रचंद्र घोष यांनी भारतीयांच्या शास्त्रीय व औद्योगिक शिक्षणासाठी संस्था काढून वर्गणीच्या बळावर तरुणांना जपान, अमेरिका व युरोप येथे धाडले. पुण्याची आणि कलकत्त्याची बुद्धी एकाच दिशेने कशी धावत होती, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

तिसरा आश्रय संस्थानिकांचा. १९१३ साली बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. अट अशी की, परत आल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची सेवा करावयाची. १९१५ साली ते एम. ए. झाले, पुढे लंडनला गेले; परंतु शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. करारास जागून ते बडोद्यास रुजू झाले, तर तेथे अस्पृश्यतेपायी त्यांना राहावयास धड जागा मिळेना. मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून त्यांनी पगारातून बचत केली. त्यात कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज यांची भर पडली, आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला जाऊन १९२३ साली डी. एस्सी. झाले. शिष्यवृत्ती, नोकरीची बचत, दात्याची देणगी आणि मित्राचे कर्ज या चारही वाटा एकाच आयुष्यात आल्या. हेच बाबासाहेब १९४६ साली बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले, हा आपल्या प्रांतासाठी अभिमानाचा योगायोग होय.

आता संगणकाकडे वळू. डमडमहून बॅरकपूर ट्रंक रोडकडे जाणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे की, भारतातील पहिला अंकीय संगणक याच परिसरात बसविला गेला? प्रशांतचंद्र महालनोबीस यांनी १९३१ साली भारतीय सांख्यिकी संस्था स्थापन केली, आणि पुढे तिने बरानगर येथे आपले घर केले. १९५० पासूनच्या राष्ट्रीय नमुना पाहणीने आकड्यांचे डोंगर उभे केले. दुसऱ्या पंचवार्षिक योजनेचा आराखडा आखावयाचा तर ते हाताच्या गणकयंत्रांवर उपसणे अशक्य होते. समरेंद्रकुमार मित्र यांनी १९५३ साली येथेच एक लहान सादृश संगणक घडविला होता. १९५५ साली इंग्लंडहून 'एच. ई. सी. – २ एम' हे यंत्र आले आणि १९५६ पासून कामास लागले. त्याच्या फिरत्या चुंबकीय पिंपात अवघे १,०२४ शब्द मावत. आजच्या खिशातल्या दूरध्वनीशी त्याची तुलना करणेही हास्यास्पद ठरेल, पण त्या काळी ते नवल होते. १९५८ च्या अखेरीस सोव्हिएत रशियाचे 'उराल' आले. १९६६ साली जादवपूर विद्यापीठाच्या सहकार्याने 'इसीजू – १' हे घरचे यंत्र तयार झाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९६० साली 'टिफ्रॅक' पूर्णत्वास नेला, आणि कानपूरच्या तंत्रविज्ञान संस्थेत १९६३ साली आय. बी. एम. १६२० हे यंत्र येऊन तेथे विद्यार्थ्यांना संगणकाचे शिक्षण मिळू लागले.

योगायोग एवढ्यावर थांबत नाही. १९६१ साली स्थापन झालेली कलकत्त्याची भारतीय व्यवस्थापन संस्था, देशातील अशा प्रकारची पहिली, तिचा आरंभही याच रस्त्यावरील 'एमेरल्ड बावर' या वास्तूत झाला. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूटचा स्लोन विभाग व फोर्ड फाउंडेशन यांचे तिला साहाय्य होते. पुढे ती जोका येथे गेली. एकाच रस्त्यावर एकीकडे यंत्र होते, दुसरीकडे व्यवस्थापन होते. ही दोन शास्त्रे जेथे मिळतात, तेच माहिती-प्रणालीचे क्षेत्र. यंत्र कसे चालते एवढेच जाणून भागत नाही; कारखान्याच्या, बँकेच्या, रुग्णालयाच्या कारभारास कोणती माहिती केव्हा व कोणाला लागते, हेही जाणावे लागते. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९६८ साली गॉर्डन डेव्हिस यांच्या पुढाकाराने या विषयाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला, आणि तेथून तो जगभर पसरला.

आपल्या शहरात मात्र तेव्हा वारे उलटे होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आयुर्विमा महामंडळाचा संगणक येथील इलाको हाउसमध्ये बसू नये म्हणून कर्मचाऱ्यांनी दिवसरात्र पहारे दिले. यंत्र आले तर कारकुनाची भाकर जाईल, ही भीती खोटी नव्हती. निर्वासितांच्या आणि बेकारांच्या त्या शहरात ती समजण्याजोगी होती. परंतु तिचा एक परिणाम असा झाला की, ज्याला या विद्येत पुढे जावयाचे त्याने गाव सोडावयाचे, असे समीकरण होऊन बसले.

गाव सोडावयाचे तर खर्च किती? ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले आणि ४ रुपये ७६ पैशांचा डॉलर साडेसात रुपयांचा झाला. काल ज्या बापाने हजार डॉलरसाठी ४,७६० रुपयांची जुळवाजुळव केली होती, त्याला आज ७,५०० लागू लागले. शिवाय परकीय चलन मिळणेच दुर्मिळ; त्या वर्षांत खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलेल्या विद्यार्थ्यांची एक पिढीच आहे. म्हणून त्या काळी परदेशी विद्यापीठातील साहाय्यक अध्यापकाचे वेतन हाच मुख्य आधार असे. वर्गात मदत करावयाची, उत्तरपत्रिका तपासावयाच्या, प्रयोगशाळा सांभाळावयाची आणि त्या मोबदल्यात शुल्कमाफी व पोटापुरते वेतन घ्यावयाचे. येथेही अट होतीच, पण ती श्रमाची होती. मध्यमवर्गीय मराठी घरास ती मानवली, यात नवल नाही.

पुढे देशातच दारे उघडली. सांख्यिकी संस्थेने एम. टेक. च्या वर्गांना शिकवणीचे शुल्क न घेता उलट विद्यावेतन देण्याची परंपरा ठेवली. 'गेट' परीक्षेतून तंत्रविज्ञान संस्थांत जाणाऱ्यांना केंद्र सरकारचे विद्यावेतन मिळू लागले. पुण्यात १९८८ साली डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली प्रगत संगणन विकास केंद्र उभे राहिले आणि १९९१ साली 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. संगणक-उपयोजनाची एम. सी. ए. ही पदवी गावोगाव पोहोचली; तिचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम २०२०–२१ पासून दोन वर्षांचा झाला, म्हणजे एका वर्षाचा खर्च वाचला. आणि २०१५ साली व्यवस्थापन संस्था, सांख्यिकी संस्था व खरगपूरची तंत्रविज्ञान संस्था यांनी मिळून व्यवसाय-विश्लेषणाचा संयुक्त अभ्यासक्रम सुरू केला. बॅरकपूर ट्रंक रोडवरचे ते दोन जुने शेजारी पुन्हा एकत्र आले म्हणावयाचे!

परंतु दारे जशी वाढली, तसा पैशाचा भार हळूहळू समाजाच्या खांद्यावरून घराच्या खांद्यावर आला. २००१ साली बँकांच्या संघटनेने शैक्षणिक कर्जाची आदर्श योजना आखली. त्या वेळी देशातील शिक्षणास साडेसात लाख व परदेशातील शिक्षणास पंधरा लाख अशी मर्यादा होती, आणि चार लाखांपर्यंत तारण लागत नसे. मोठ्या रकमेस घर किंवा ठेव गहाण ठेवावी लागते. प्राप्तिकर कायद्याच्या '८० ई' कलमाने व्याजावर आठ वर्षे वजावट मिळाली, हे खरे. पश्चिम बंगाल सरकारनेही २०२१ साली दहा लाखांपर्यंत चार टक्के साध्या व्याजाने विद्यार्थी-कर्जाची योजना सुरू केली. त्यासाठी राज्यात दहा वर्षांचा रहिवास हवा. आपल्यापैकी अनेक कुटुंबांचा हा रहिवास त्याच्या कितीतरी पट आहे, म्हणून ही माहिती येथे मुद्दाम देत आहोत.

रहिवासाचा हा रकाना आम्हां परप्रांतस्थांच्या जिव्हाळ्याचा आहे. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीसारख्या योजनांस महाराष्ट्राचा अधिवास लागतो. डमडमला जन्मलेल्या आपल्या मुलांजवळ तो बहुधा नसतो. इकडे नुकत्याच बदलून आलेल्या कुटुंबास बंगालचाही अधिवास नसतो. घरी मराठी, दारी बंगाली आणि अर्जात कोठलेच नाही, अशी ही अवस्था होय. तेव्हा अखिल भारतीय प्रवेशपरीक्षा आणि केंद्रीय विद्यावेतने यांवरच आपल्या मुलांची मुख्य भिस्त असावी, आणि अधिवासाचे दाखले वेळेवर काढून ठेवावेत, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.

परदेशाविषयी दोन शब्द. उद्देशपत्र, तीन शिफारसपत्रे, गुणपत्रके, परीक्षांचे निकाल आणि पहिल्या वर्षाचा खर्च झेपेल असा बँकेचा पुरावा, एवढा सरंजाम तेथे लागतो. संशोधनाच्या पदवीस विद्यापीठ बहुधा स्वतः वेतन देते. माहिती-प्रणालीची पदव्युत्तर पदवी मात्र व्यावसायिक समजली जाते आणि तिचा खर्च बहुतेकदा विद्यार्थ्यानेच सोसावयाचा असतो. हा भेद न जाणता अनेक घरे प्रवेशपत्र हाती पडल्याच्या आनंदात कर्जाच्या कागदावर सही करतात. आनंदीबाईंनी अट वाचली होती, आंबेडकरांनी करार पाळून त्याची किंमत मोजली होती. आपणही सही करण्यापूर्वी व्याज केव्हा सुरू होते, नोकरी न लागल्यास हप्ता कोण भरील, गहाण कोणते आणि जामीन कोण, हे चार प्रश्न अवश्य विचारावेत. आणि हे कर्ज काढावयाचे की नाही, हे ठरविताना मुलगा व मुलगी यांच्यासाठी दोन मापे वापरू नयेत. कलकत्त्याच्या धक्क्यावरून निघालेली ती पहिली विद्यार्थिनी मुलगीच होती.

या सगळ्या इतिहासातून आम्हांस एक गोष्ट स्पष्ट दिसते. दात्याची अट श्रद्धेवर बोट ठेवते, राज्याची अट सेवेवर, विद्यापीठाची श्रमावर आणि बँकेची घरावर. सर्वांत हलकी अट टाटांच्या निधीची आणि पैसाफंडाच्या वृत्तीची आहे : तुला मिळाले, आता पुढच्याला दे. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव, नाटके, हळदीकुंकू आणि ग्रंथालय यांतून भाषा जपली. आता एकावन्नाव्या वर्षी मंडळाने एक लहानसा विद्यानिधी उभारावा, अशी आमची नम्र सूचना आहे. त्यातून कोणाचे संपूर्ण शुल्क भरले जाणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु परीक्षेचे शुल्क, अर्जांचा खर्च, पहिल्या महिन्याचे भाडे, एवढ्याच रकमेपायी पुष्कळ अर्ज लिहिलेच जात नाहीत. व्याज नाही, गहाण नाही. कमावते झाल्यावर घेतले तेवढे परत करावयाचे आणि नव्या विद्यार्थ्याच्या उद्देशपत्रावरून एकदा डोळे फिरवावयाचे, एवढीच अट.

प्रत्येक घराने दरसाल थोडे दिले तरी पुरे. पैसाफंडाची सुरुवात माणशी एका पैशाने झाली होती.